उतारावरची बी

पुण्याला मी ज्या विषयावर संशोधन केलं, तो विषय आईला मी आयुष्यात एकदाच समजावून सांगितला आणि तिने तो तिथल्या तिथे माझ्यावरच उलटवला. विद्यापीठातल्या एकाही परीक्षकाला हे इतक्या झटपट जमलं नव्हतं.

विषय होता अदिश क्षेत्रं आणि विश्वाचं प्रसरण. नाव जड आहे, गोष्ट तितकी जड नाही, पुढे सांगेनच. पण मी त्या विषयाकडे वळले ते भावामुळे, म्हणून आधी त्याचं सांगते.

आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या माडांत. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घरात आई, मोठा भाऊ आणि मी. भावाची स्वतःची होडी होती, तिच्यावर एक भागीदार. १९९८च्या उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या आणि पुढच्याच महिन्यात एका दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या परत आल्या, आमची आली नाही. दोन दिवसांनी भागीदाराचं प्रेत तारकर्लीच्या बाजूला लागलं. होडीच्या फळ्याही लागल्या. भाऊ लागला नाही.

त्या वेळी वहिनी एकवीस-बावीस वर्षांची, माझ्याच वयाची. हातातला हिरवा चुडा अजून नवाच होता.

आठवडा उलटल्यावर वाडीतले वडीलधारे आले आणि खाली बघत म्हणाले की दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊया, क्रिया करून टाकूया. आई म्हणाली, आधी देवीला विचारते. आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालून सगळ्यांदेखत प्रश्न मांडतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. गुरवाने देवीला सांगितलं की हिचा मुलगा जिवंत असला तर उजवा कौल दे. जमलेल्या माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि त्यांचा आवाज विरायच्या आत उजवी पाकळी पडली.

आईने पाषाणासमोर डोकं टेकलं. बायका रडायला लागल्या, पण ते सुटकेचं रडणं होतं. मलासुद्धा त्या क्षणी हायसं वाटलं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होते, पण भाऊ माझा होता.

आता कौलाचा एक नियम आहे. देवीने एकदा उत्तर दिलं की तोच प्रश्न पुन्हा घालायचा नसतो. पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोललीस असं देवीला तोंडावर सांगणं. सरकारी कचेरीत अपील करता येतं, आमच्या देवळात येत नाही. त्यामुळे पुतळा झाला नाही, क्रिया झाली नाही. तो जिवंत होता, फक्त यायचा होता. आई रोज दुपारी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायला लागली.

भागीदाराच्या बायकोने ऊर बडवून घेतलं, कुंकू पुसलं, वर्ष काढलं. मग एक दिवस मालवणच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन ती बसली. पहिल्या दिवशी लोक हळहळले, दुसऱ्या दिवशी दरावरून घासाघीस करायला लागले. तिचं आयुष्य वाईट होतं, पण चालू होतं. वहिनीचं जागच्या जागी थांबलं.

मी पुण्याला परतले. त्याच वर्षी आमच्या विषयात एक बातमी आली, आणि विभागात चहाच्या टपरीपर्यंत तेवढीच चर्चा चालली होती. विश्व पसरतंय हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुत्वाकर्षण सगळ्याला आत ओढतं, म्हणून हे पसरणं हळूहळू मंदावत असणार, हेही माहीत असल्यासारखं होतं. वाद एवढाच होता की ते कधीतरी थांबून सगळं परत जवळ येईल की नुसतंच मंदावत जाईल. आणि मग फार दूरच्या आकाशगंगांमधले फुटणारे तारे मोजले गेले, तर ते हवे त्याहून मंद दिसले, म्हणजे हवे त्याहून लांब निघाले. पसरण्याचा वेग कमी होत नव्हता, वाढत होता. वर फेकलेला दगड खाली यायचा सोडून आणखी जोरात वर जायला लागावा, तसलं काहीतरी.

हा जोर कुठून येतो याची एक शक्यता म्हणजे अदिश क्षेत्र. वाऱ्याला वेग असतो आणि दिशाही असते. पाण्याच्या उबेला दिशा नसते, समुद्रात कुठेही हात घाला, तिथे तिचा एक आकडा असतो, बस. असा दिशा नसलेला आकडा विश्वात प्रत्येक ठिकाणी आहे असं धरायचं. जिथे तारा नाही, धूळ नाही, काहीच नाही, तिथेही तो आहेच. त्या आकड्याबरोबर ऊर्जा येते, आणि ती ऊर्जा अशी विचित्र की जागा वाढली तरी पातळ होत नाही. तिच्यात ताण असतो. तो सगळीकडे सारखाच असल्यामुळे कशालाच इकडून तिकडे ओढत नाही. पण त्याचा परिणाम गुरुत्वाकर्षणावर होतो आणि तेच उलटं होऊन बसतं, ओढायचं सोडून ढकलायला लागतं. विश्वाच्या अगदी सुरुवातीला असंच एक क्षेत्र असावं, त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं फुगवलं आणि मग ते तळाला जाऊन संपलं, असं मानतात. आत्ताचं क्षेत्र मात्र अजून संपलेलं नाही.

माझे मार्गदर्शक म्हणाले, विषय नवा आहे, हात पोळतील. मी तोच घेतला. सुट्टीत घरी गेले की ते झाकलेलं ताट मला स्वयंपाकघरात दिसायचं, ओटीवर आठवायचं, विहिरीवर आठवायचं. घरात जिथे कोणी नव्हतं तिथेच सगळ्यात जास्त भार होता. पुस्तकातली रिकामी जागा मला पहिल्या वाचनात समजली, वर्गातल्या हुशार मुलांना ती महिनाभर कळत नव्हती.

पहिल्या वर्षी आई आणि वहिनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. मग रडणं आटलं, मग बोलणं आटलं. त्याच चुलीशी दोघी बसायच्या, पण मीठ कुठे आहे म्हणून आईने ‘मीठ खंय?’ एवढंच विचारलं तरी वहिनीचं उत्तर यायला वेळ लागायचा. दोघींपैकी कोणी कुठे गेलं नव्हतं. आकाशगंगाही तशा कुठे जात नसतात, मधली जागा वाढते. हे मला तेव्हा सुचलं आणि सुचल्याचा रागही आला.

वहिनी ना धड सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला यायचं नाही, कारण बायकांना अपशकुनाची भीती, आणि पांढरं कपाळही तिला करता यायचं नाही, कारण देवीचा शब्द. वटपौर्णिमेला मात्र आई तिला नवी साडी नेसवून वडाकडे पाठवायची. बाकीच्या बायका फेऱ्या संपवून घरी गेल्या की ही एकटी जाऊन सूत गुंडाळून यायची. मी एकदा आईला म्हटलं की हा छळ आहे. आई म्हणाली, पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. त्यात तिचं चुकलं नव्हतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

सात वर्षं झाली. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर तो मेला असं कायद्याने धरता येतं. आणि नेमकी त्याच सुमारास वहिनीसाठी एक मागणी आली होती. वेंगुर्ल्याचा एक माणूस होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला मालवणला यायचा. बायको वारलेली, लहान मुलगी पदरात. त्याने वहिनीच्या भावाकडून निरोप धाडला की यंदाच्या नारळी पौर्णिमेपर्यंत मी वाट बघतो, तोवर मोकळी झाली तर लग्न करतो. मुलीला घेऊन तो एकदा आमच्या वाडीत आला होता, तेव्हा वहिनीने तिला पाणी दिलं होतं. विहिरीवर कळशी भरता भरता वहिनी मला म्हणाली, “वन्स, माका त्या चेडवाचा तोंड दिसता.” आणि पदराने तोंड पुसून उगीचच पुन्हा रहाट फिरवायला लागली.

मोकळं होण्यासाठी तिला विधवा व्हायला हवं होतं. त्यासाठी ती माझ्याबरोबर ओरोसला वकिलाकडे आली. बसमध्ये सारखी कपाळाला हात लावून कुंकू आहे ना बघत होती. वकील शुद्ध मराठीत म्हणाले, “अर्ज करू. पण सासूबाईंनी कोर्टात उभं राहून मुलगा जिवंत आहे असं सांगितलं, तर प्रकरण लांबेल. आधी त्यांना राजी करा.” म्हणजे पुन्हा गाडं आईपाशीच आलं.

तो मे महिना होता. आम्ही तिघी स्वयंपाकघरात रातांबे फोडत बसलो होतो, हात लाल, भोवती कोकमाच्या बियांचा ढीग. मी विषय काढला. वकील काय म्हणाले ते सांगितलं, वेंगुर्ल्याचं तर आईला केव्हाच कळलं होतं. ती चिडली नाही. हातातला रातांबा फोडून तिने बी बाजूला टाकली आणि मला म्हणाली, “तू एवढा शिकलंस. आकाशातला सगळा लांब लांब जाता, ह्याच शिकतंस मा? मगे सांग. गेलेला परत येता काय नाय?”

मला वाटलं, हीच संधी. सकाळच्या आंबोळ्यांची एक ताटली तिथेच पडली होती, तिला काकवी लागलेली. मी ती तिरकी धरली आणि वरच्या कडेला कोकमाची एक बी ठेवली. म्हटलं, ही बी म्हणजे ते क्षेत्र. बी उतारावर जितकी वर तितका जोर जास्त, आणि ती वर आहे तोवर विश्व पसरत राहणार. ती खाली तळाला गेली की जोर संपला. आई म्हणाली, मग जाऊ दे की खाली. मी म्हटलं, तीच तर अडचण आहे, मध्ये काकवी आहे. बी घसरते पण काकवी तिला धरून ठेवते. आणि ही काकवी बाहेरून कोणी ओतलेली नाही. विश्वाचं पसरणं हेच त्या क्षेत्राला असं धरून ठेवतं. बीमुळे पसरणं, पसरण्यामुळे बी अडकलेली.

तिघी त्या बीकडे बघत राहिलो. ती घसरत होती, पण नजर लावली तर कळत नव्हतं.

“आणि तळाक गेल्यार?” वहिनीने विचारलं.

मी जे खरं होतं ते सांगितलं. ते उतार कसा आहे त्यावर आहे. तळ शून्याच्या बरोबर असेल तर नुसता जोर संपेल. तळ शून्याच्याही खाली असेल तर पसरणं थांबेल, उलटेल, आणि लांब गेलेलं सगळं परत जवळ येईल. पण कदाचित उतारच नसेल, बी सपाटीवर असेल, तर मग काहीच बदलणार नाही, सगळं कायमचं लांब जाईल, इतकं की त्याचा उजेडही पोचायचा नाही. यातलं कुठलं खरं, ते आतापर्यंतच्या मोजमापावरून सांगता येत नाही.

“म्हणजे परत येवक शकता,” आई म्हणाली. तिने ताटली माझ्या हातातून घेतली आणि धुवायच्या भांड्यांत ठेवून दिली. एवढे शिकलेले लोकसुद्धा नाही म्हणत नाहीत, मग मी का म्हणू, असं तिचं म्हणणं. आकाशातलं वेगळं आणि समुद्रातलं वेगळं, हे मी नंतर चिडून चिडून सांगितलं, पण प्रश्न तिने विचारला होता आणि उत्तर मी दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण.

वहिनी मात्र वेगळंच समजली होती. रातांब्याची पाटी उचलताना हळूच म्हणाली, “म्हणजे थांबान कळाचा नाय.”

दुसऱ्या दिवशी तिने आईला सांगितलं की मी देवीला कौल लावणार. तो येईल की नाही हे विचारणार नाही, तो प्रश्न तुमचा, त्याला उत्तर मिळालंय. मी माझं विचारणार, मला जायला परवानगी आहे की नाही. आईला नाही म्हणता येईना, नियमात बसत होतं. मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी पुण्याचं जाणं पुढे ढकललं.

गुरवाने दिवस सांगितला तोवर मृग लागला होता. होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकल्या होत्या, देवळाच्या भिंतींना ओल आली होती. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, ह्या सुनेला सासरचा उंबरठा सोडायची परवानगी असली तर उजवा दे, नसली तर डावा दे. आम्ही बघत बसलो. पाकळी पडली नाही. उजवीही नाही, डावीही नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. दुपार झाली. आलेली माणसं जेवायला निघून गेली. वहिनी खांबाला टेकून बसली होती, तिची नजर पाषाणावरून हलली नाही. मी मनातल्या मनात डाव्या पाकळीलाही विनवलं, पड बाई, नाही तरी म्हण, म्हणजे हिला भांडता तरी येईल. संध्याकाळी गुरव म्हणाला, देवी आज बोलत नाही. प्रश्न उभा राहिला आहे. ती बोलेपर्यंत दुसरा कौल घालता येणार नाही.

वाटेत मी वहिनीला सांगितलं की पाण्याने चिकटवलेली पाकळी सुकली की सुटते. भाऊ गेला तेव्हा पावसाने उघडीप दिली होती, दारातून वारा येत होता, म्हणून ती क्षणात पडली. आज हवाच ओली आहे, पाकळी सुकणार कशी? यात देवी कुठेच नाही. चल माझ्याबरोबर पुण्याला, पुढचं पुढे बघू. ती थांबली. माझ्यावर रागावली नाही, तेच वाईट होतं.

“वन्स, तुमचा बरोबर आसतला,” ती म्हणाली. “पण इचारलंय ता मी. आता उत्तर नाय घेता जाव कशी?”

नारळी पौर्णिमा आली, गेली. तो माणूस बिचारा आणखीही थोडा थांबला. दिवाळीनंतर त्याने शिरोड्याची बायको केली. वहिनीच्या भावाने येऊन सांगितलं, चहा घेतला आणि तो गेला. त्या दुपारी वहिनीने नेहमीसारखं ताट वाढलं. आईचे गुडघे धरायला लागल्यापासून ते काम तिच्याकडेच आलं होतं. ती माझ्या भावाच्या ताटात मासा वाढत होती आणि मला ते ताट उचलून अंगणात भिरकावावंसं वाटत होतं. भिरकावलं नाही.

पुढच्या वर्षी मला पीएच.डी. मिळाली. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी दाखवलं होतं की क्षेत्र पुरेसं सावकाश घसरत असेल, तर ते घसरतंय की जागच्या जागी आहे हे कितीही वाट बघून, कितीही मोजून ठरवता येत नाही. परीक्षकांनी मान डोलावली. मला पुण्यातच एका कॉलेजात नोकरी लागली. वहिनीचा उभा प्रश्न तसाच उभा राहिला. सुरुवातीला दर महिन्याला ती गुरवाला विचारून यायची, मग सणासुदीला, मग तेही सुटलं.

२०१०च्या पावसात आई अंथरुणाला खिळली. मी रजा घेऊन आले. तिचं हवं-नको, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं वहिनी करत होती. मला त्यातलं धड काही जमत नव्हतं. वहिनीच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस पांढरे झाले होते, मधे कुंकू तेवढंच मोठं. आई बोलणं विसरल्यासारखी झाली होती, माणसं ओळखायची की नाही कळत नव्हतं.

एका दुपारी वहिनीने ताट वाढून झाकलं आणि आईच्या उशाशी येऊन बसली. आईने डोळे उघडले. बराच वेळ ती वहिनीच्या कपाळाकडे बघत होती. मग अगदी स्वच्छ आवाजात तिने विचारलं, “तो इलो काय गो?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांचा सगळा राग माझ्या जिभेवर होता. पण वहिनी आधी बोलली.

“इलो,” ती म्हणाली.

“जेवलो?”

“जेवता हा.”

आईने स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. वहिनीने तिची मान सरळ केली, उशी नीट केली. आईने तिचं मनगट धरलं. तिला खरंच पटलं होतं, की वहिनी खोटं बोलतेय हे कळूनही तिने ते घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही.

“मगे आता तू जा,” आई म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. वहिनी आपलं मनगट तसंच तिच्या हातात ठेवून बसली होती. मग तिने वर माझ्याकडे बघितलं.

“खंय?” तिने मला विचारलं.